बावीस गेजचं चिलखत

मुलुंड (पूर्व)
९ नोव्हेंबर २०२५

ती. शेवंतीताईस,
दशरथचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून कागद घेतला. इकडे सर्व ठीक, अक्षता सोडून. तुझी भाची सत्ताविसाव्या वर्षी चिलखत बनवते आहे. मोबाईलवरच्या कुठल्याशा गेममध्ये एक सरदारीण राक्षस मारत फिरते, तिच्यासारखं. सामान काय, तर चपलेच्या तळव्याचा फोम, चपलेचाच गम आणि वर रुपेरी रंग. लांबून लोखंड वाटतं म्हणे. जवळून काय वाटतं ते मी बोललो की घरात अबोला होतो.

एकतीस वर्षं मी मरोळला पत्राकामात काढली. एसीच्या डक्टला असे जोड दिले की आत दोरा जाणार नाही. आणि माझ्याच घरात छातीचं कवच सुरीने कापतात आणि गरम करून गुडघ्यावर वाकवतात. लॅबमधून आली की बाल्कनीत तेच, सहा महिने झाले. त्या कडा बघवत नाहीत. मी रोज तसं सांगतो, एवढंही जमत नाही तर हात कशाला लावायचा.

तीस तारखेला अंधेरीला असल्या पोशाखांची स्पर्धा आहे. पहिल्या तिघांना नाटकांचे नि जाहिरातींचे पोशाख बनवणाऱ्या एका कारखान्यात कायमचं काम मिळणार. बाईसाहेब लॅबची नोकरी सोडायला तयार बसल्या आहेत. लोक चपला बघून हसणार आणि आडनाव माझं लागणार.

भावजींना नमस्कार. धाकट्यावर माया आहेच, ती कमी करू नकोस.

तुझा,
दशरथ


आचरा, ता. मालवण
१७ नोव्हेंबर २०२५

चि. दशरथ यास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं, पोरीबद्दल एखादा बरा शब्द सापडतो का म्हणून. नाही सापडला. तू पहिल्यापासून असाच. माझ्या लग्नात सासरहून आलेल्या कळशीला पोचा आहे म्हणून चारचौघांत बोललास. पोचा होता, पण तुला विचारलं कोणी होतं?

अक्षताने शेजारच्या जान्हवीच्या मोबाईलवर मला कोपराच्या कवचाचा फोटो पाठवला. मला त्या गेममधलं ओ की ठो कळत नाही. पण कसलाही कचरा हातात दिला तरी ही पोर त्याला आकार आणते, एवढं मला दिसतं. हा गुण तिच्यात कुठून आला? तिची आई रुक्मिणी बिचारी पोळीसुद्धा गोल लाटत नाही, म्हणजे तुझ्याकडूनच ना?

एकदा तिच्यासमोर चांगलं झालंय एवढं म्हण. तोंड झिजणार नाही तुझं. आणि तिच्या सामानापासून लांब राहा. तुझे हात मला माहीत आहेत.

आमसुलं पाठवते आहे. रागावलास तरी आठवण ठेव.

तुझी,
ताई


मुलुंड (पूर्व)
२९ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू लिहिलंस, चांगलं म्हण. खोटं मला बोलता येत नाही. मग विचार केला, वस्तूच चांगली करून टाकावी.

बुधवारी रात्रीच तिने सगळं बॅगेत भरून ठेवलं होतं. गुरुवारी ती लॅबला गेल्यावर त्यातलं छातीचं कवच घेऊन मरोळच्या जुन्या वर्कशॉपमध्ये गेलो. बाक असलेल्या वस्तूचं माप घ्यायचं तर ती उकलून सपाट करावी लागते, तशी केली. जोडावर सुरी फिरवली आणि तुकडे पत्र्यावर ठेवून रेघा मारल्या. बावीस गेजचा, म्हणजे पाऊण मिलिमीटर जाड पत्रा, दोन दिवस लाकडी मोगरीने ठोकला. कडा दुमडून घेतल्या, कुठे ओरखडा येणार नाही. फोमचे तुकडे तिथेच कचऱ्यात टाकले. आज दुपारी चादरीत गुंडाळून तिच्या बॅगेत तळाशी ठेवून दिलं. उद्या तिथे बॅग उघडेल तेव्हा कळेल बाप काय चीज आहे.

स्पर्धेच्या फॉर्मवर लिहिलं होतं की धातू वापरू नये. ज्यांना धातूचं काम येत नाही त्यांची सोय केली असणार, दुसरं काय. मीही जाणार आहे बघायला. शर्टाला इस्त्री केली आहे.

आमसुलं पोचली. आशीर्वाद असू दे, या वेळी दोघांवरही.

तुझा,
दशरथ


मुलुंड (पूर्व)
१४ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

बाबांनी तुला कळवलं नसणार. मला आत घेतलं नाही. गेटवर बॅग तपासली आणि पत्रा निघाला. गर्दीत कोणाला लागेल, म्हणून धातू चालत नाही, हे तिथल्या माणसाने मला चारदा समजावलं. तेवढ्यात बाबा मागून आले आणि पत्रा किती गेजचा आहे ते त्याला सांगायला लागले. माझा फोम कुठे आहे विचारलं, तर म्हणाले की टाकला, तो काय ठेवायचा होता. छातीशिवाय पोशाख अपुरा, म्हणून माझं नाव खोडलं. सोमवारी पुन्हा लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावत होते.

तो पत्रा मी एकदाच घालून बघितला. इतका नेमका बसला की मला त्यांची किळस आली. एवढं येतं या माणसाला, आणि माझ्यासाठी सहा महिन्यांत एक चांगला शब्द येत नाही. दोन आठवडे मी त्यांच्याशी बोलले नाही.

काल मी घरी आले तर बाबा बाल्कनीत माझी सुरी घेऊन फोम कापत बसले होते. स्वतः जाऊन शीट आणली होती. कवचाचा एक तुकडा कापून माझ्यापुढे धरला आणि शिकाऊ कामगारासारखे उभे राहिले. मी तो बघितला आणि म्हणाले की कड वाकडी आहे, एवढंही जमत नाही तर हात कशाला लावायचा. त्यांनी तुकडा परत घेतला, चष्मा वर करून पाहिला, बरोबर आहे म्हणाले आणि दुसरी शीट ओढली.

आत्या, कड सरळ होती. मी आजवर कापलेल्या एकाही कडेपेक्षा सरळ.

हे पत्र त्यांना दाखवू नकोस. माझा राग कर, पण मला टाकू नकोस.

तुझी,
अक्षता