किल्ला कधी पाडायचा

ता. ४ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू खुर्ची मागे ढकलून निघून गेलीस, तुझा दादा तोंड फुगवून मागच्या दारानं गेला, आणि फासे, नकाशे, ज्याच्याआड तू पुढची गोष्ट लपवतेस तो पुठ्ठ्याचा पडदा माझ्या जेवणाच्या टेबलावर तसाच राहिला. तेव्हापासून मी ताट मांडीवर घेऊन जेवते आहे, म्हणून हे पत्र.

दादाची चूक मला दिसते. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावून एक शब्द बोलू न देणारा दंतवैद्य रविवारी सगळी कसर भरून काढतो. आपण एकेक पात्र होऊन खेळतो, त्यात खेळ त्या जपानी अॅनिमे चित्रपटांच्या धर्तीचा, म्हणून त्याचा तलवारबाज महिनाभर एकाच पायरीवर उभा राहून मेलेल्या गुरूला आठवतो आहे. वाऱ्यानं केस उडताहेत, हेही तोच सांगतो. समोरचे राक्षस आपली पाळी कधी येते म्हणून ताटकळले आहेत.

पण तूही कमी नाहीस. गोष्ट सांगणारी सूत्रधार झालीस म्हणून पुलाचा आराखडा काढावा तशी गोष्ट आखून आणतेस. उडत्या शाळेची मुख्याध्यापिका या नात्यानं (दुसरं पात्र मला जमत नाही) मी फाटक बंद केलं, तर तू म्हणालीस की ते कसंही उघडणारच, कारण पुढे हवेतला किल्ला पडायचा आहे. मग आम्हाला बोलावतेस कशाला? फासे तूच टाक, चहा मी एकटी पिते.

इतकी कसली घाई आहे, ते लिही.

रागावलेली, तरी तुझीच,
आत्या

ता. ९ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

घाईचं कारण, माझी बदली झाली आहे. महिनाअखेर निघायचं. आई गेल्यापासून दादा आणि मी भेटतो ते रविवारीच, तेही राक्षसांच्या निमित्तानं. गोष्ट अर्धी टाकून गेले असं त्यानं म्हणू नये, म्हणून किल्ला पाडून जायचं होतं.

त्याला बदलीचं सांगू नकोस. मी दोनदा सांगायला गेले, तर तो गुरूबद्दल बोलायला लागला. सामान त्यालाच देऊन टाक. बसू दे पायरीवर.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
ठकू

ता. १६ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

मी काहीच सांगितलं नाही. दादाला आधीपासून ठाऊक आहे. तुझ्या ऑफिसातल्या एका गृहस्थाची दाढ कोरताना कळलं. तोंडात कापूस असूनही त्यानं सगळं सांगितलं.

काल दादा सामान न्यायला आला, तेव्हा मुख्याध्यापिकेनं तलवारबाजाला समोर उभं केलं आणि पाय का उचलत नाहीस म्हणून विचारलं. आधी म्हणाला, पात्राच्या मनाची तयारी नाही. मी टेबलावर पट्टी आपटली. मग म्हणाला की किल्ला पडला की ठकू सगळं आवरून जाणार, आणि मग रविवारी इथे यायचं कशाला. माझ्याकडे यायला राक्षस लागतात, हेही त्यानिमित्तानं कळलं.

तेव्हा ठरवून टाकलं. यापुढे सूत्रधार दादा. तू तिकडून फोनवर खेळायचं, पात्र म्हणून. सराव म्हणून त्यानं लगेच खेळ चालवून पाहिला. फाटकाशी मी दोन वाक्यं बोलते न बोलते, तोच ‘आत्या, आटप, पुढे किल्ला पडायचाय’ म्हणून माझ्यावरच खेकसला.

तुझ्यासाठी पायरी राखून ठेवली आहे. हवं तितकं उभी राहा, राक्षस थांबतील. निघण्याआधी जेवायला ये. टेबल मोकळं आहे.

आत्या

दादाच्या हवाली केलं ते असं: पडदा, कोपरा दुमडलेला. फाशांची पिशवी. नकाशे. हवेतला किल्ला, उभा.