बॉक्सच्या नंबरासकट

मानकोली
१७ जानेवारी २०२५

चंद्राताईस,

प्रितेशचा नमस्कार. भावोजी बरे असतील, भाविक शाळेत जात असेल. आईचा गुडघा थोडा बरा आहे. मीपण ठीक.

ठीक कसलं, डोंबल!

सोमवारी तुला माझा मेसेज आला, त्याच्या शेवटी लांबलचक नंबर होता. तो चपलांच्या बॉक्सचा. अगं, मी पाठवलाच नव्हता! गोडाऊनच्या लिनक्स कॉम्प्युटरवर दोन खिडक्या उघड्या असतात. एकीत मालाची नोंद, दुसरीत व्हॉट्सॅप. रोज दुपारी तुला लिहायचो आणि खोडायचो. सोमवारी खोडायच्या आधीच मालाच्या खिडकीवर आलो, तेवढ्यात सोबत काम करणाऱ्या सफियाने टेबलावर बॉक्स आदळला, माऊस व्हॉट्सॅपवर सरकला आणि तिने स्कॅनर मारला. नंबर मालाच्या खिडकीत जायचा, तो तुझ्या मेसेजला चिकटला. प्रत्येक नंबरानंतर स्कॅनर स्वतःच एंटर मारतो. गेला! पुसेपर्यंत दोन निळ्या टिका.

"क्या हुआ? भूत देखा क्या?" सफियाने विचारलं.

कॉम्प्युटरवाल्या विवेकवर मी भडकलो. त्याने कीबोर्ड बदलला, स्कॅनरची वायर काढून लावली. काही नाही. मग माऊस नुसता व्हॉट्सॅपवर नेला, क्लिकही न करता बॉक्स स्कॅन केला. नंबर तिथेच उमटला!

"माऊस जिथे, टायपिंग तिथे, अशी सेटिंग आहे. कोणी केली?"

मीच केली होती, ताई. दिवाळीत, क्लिक करायचा त्रास वाचावा म्हणून. त्याने ती बदलली. आता क्लिक केल्याशिवाय खिडकी बदलत नाही.

पण मेसेज खरा आहे. तुझं नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र पोस्टात हरवलं नव्हतं. मी लपवलं. तू त्या बिचाऱ्या पोस्टमनशी भांडलीस, तेव्हा मी शेजारी उभा होतो. आईला बघायला कोणी नव्हतं म्हणून लपवलं, असं मेसेजात लिहिलं. ते अर्धंच. तू गेली असतीस तर दहावी सोडून मला घरी बसावं लागलं असतं. मला शिकायचं होतं गं. मी तुझं शिक्षण खाल्लं.

तू फोन उचलत नाहीस. काल पडघ्याला आलो होतो. दारात तुझ्या चपला दिसल्या, हाक मारायची हिंमत झाली नाही.

ते पत्र सोबत ठेवलंय. अकरा वर्षं माझ्या मार्कशीटखाली होतं.

पाकीट मीच चिकटवतोय आणि पेटीतही मीच टाकणार आहे. या वेळी मीच पाठवतोय, ताई.

प्रितेश