आप्पांचा अंगठा

जयपूर,
१४ डिसेंबर १९८६

ती. आक्का,

श्रीपादचा नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघ्यांना तेल गरम करून लावत जा. इथं थंडी कडक आहे. तुझ्या भावजयीनं रजया काढल्या. आमची लता बी.ए.ला इतिहास घेऊन बसलीय.

तिच्याच अभ्यासाचं सांगतो. अमेरिकेच्या नव्या सरकारनं तिथल्या मूळच्या चेरोकी लोकांशी जमिनीचे करार केले. दर वेळी हद्द ठरायची, आणि काही वर्षांनी पुन्हा आत सरकायची. एका करारात त्यांच्याच एका नायकाला सरकारनं गुपचूप वेगळी जमीन दिली. पुढे त्याच्याच लोकांनी त्याला मारलं. जेवताना लता म्हणाली, "बाबा, मतलब त्यानं आपल्याच माणसांना विकलं? नंतर घास कसा उतरला असेल त्याला?"

मी ताटावरून उठलो.

तेव्हापासून आपले आप्पा दिसतात, जाऊन इतकी वर्षं झाली तरी. भरदुपारी, ऑफिसात, समोरच्या बाकावर. अंगठ्याची शाई धोतराला पुसत राहतात. ती जात नाही.

आक्का, एकसष्ट साली धरणाचे साहेब चावडीत आले. कागद इंग्रजीत, आणि गावात मॅट्रिक झालेला मी एकटा. "सगळं गाव एकत्र, नदीकाठीच वसवणार," असं मी वाचून दाखवलं. कागदावर तसं नव्हतं. सरकार देईल तिथं, देईल तेवढी जमीन, एवढंच होतं.

आप्पा म्हणाले, "नीट बघून सांग, श्रीपाद. तू हो म्हणालास तर मी अंगठा देतो."

मी हो म्हणालो. आप्पांच्या मागून चाळीस घरांनी अंगठे दिले.

आदल्या दिवशी साहेबांनी मला रेल्वेतल्या नोकरीसाठी चिठ्ठी दिली होती.

गाव चार तालुक्यांत विखुरलं. आप्पा त्या बिनपाण्याच्या माळावर खचून गेले. "सरकारनं माझ्या पोराला फसवलं," असं शेवटपर्यंत म्हणत होते. तूही अजून तेच लिहितेस, आणि मी ते वाचून गप्प बसत आलो.

परवा लताला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन आत गेली. अजून माझ्याशी बोललेली नाही.

संक्रांतीला येतोय. हिंदुरावकाकांना आणि आपल्या गावची जी माणसं जवळपास आहेत, त्यांना बोलावून घे. मी त्यांच्यासमोर उभा राहून सांगणार आहे. त्यानंतर मला उंबऱ्याच्या आत घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

अजून तरी तुझा भाऊ,
श्रीपाद