पायऱ्यांशेजारचा उतार

४ फेब्रुवारी
झाला एकदाचा उतार. इमारतीच्या समितीने पायऱ्यांशेजारी सिमेंट ओतलं आणि हात झटकले. दोन मोटारींची जागा वाचवायला इतका आखूड आणि खडा केलाय की ताईची व्हीलचेअर वर चढवायला मी, नवरा आणि वॉचमन असे तिघे लागलो. अपघातापासून, म्हणजे गेलं वर्षभर, ती माझ्याकडेच आहे. तिचा हट्ट एकच — "मला एकटीला खाली जायचंय. दूध आणायलासुद्धा मिरवणूक नको."

६ फेब्रुवारी
समितीच्या अध्यक्षांकडे गेले. म्हणे, "मॅडम, तुमच्या ताई चिमणीएवढ्या. माझ्यासारखं धूड सुसाट जाईल. हलकं माणूस सावकाश उतरतं."
गृहस्थ पूल बांधून निवृत्त झालेत. कुठले पूल, ते विचारून ठेवायला हवं.
अहो, जड असो की हलकं, पृथ्वी दोघांचा वेग सारखाच वाढवते. खरी गोम उताराची. जितका खडा तितकी ओढ जास्त, आणि पायथ्यापर्यंत वेग वाढतच जातो. उतार लांबवला की ओढ हातांच्या आवाक्यात येते. पण सांगणार कोणाला? पालथ्या घड्यावर पाणी.

९ फेब्रुवारी, रविवार
सगळ्या समितीसमोर प्रयोग. पायथ्याशी गाद्या रचल्या. रिकामी व्हीलचेअर सोडली — थेट गादीत.
अध्यक्ष म्हणाले, "रिकामी होती, म्हणून भरकटली." आणि स्वतःच जाऊन बसले. मी फक्त हात काढला.
"अहो अहो अहो —" त्यांचं आजवरचं सर्वांत छोटं भाषण. रिकाम्या खुर्चीइतक्याच वेळात तेही गादीत. गॅलरीतून त्यांच्या सौ. — "पटलं का? की अजून एकदा?"
उतार तिप्पट लांब करायचं ठरलं. एकमताने.

१० फेब्रुवारी
मोटारवाले दोघे माझ्याशी बोलत नाहीत. तेवढीच शांतता.

२ मार्च
नवा उतार तयार. ताई चाकं हातांनी आवरत एकटी उतरली. एकटी चढली. घामाघूम. मी पुढे धावले तर म्हणाली, "हात लावलास तर बघ." दिवसभर फुशारक्या मारल्या मी. का मारू नयेत?

५ मार्च
ताई शनिवारी स्वतःच्या घरी जातेय. कायमची. तिथे असाच लांब उतार बांधून घेतलाय म्हणे, मला न सांगता. म्हटलं, "अगं, पण एकटी?"
"मग भांडलीस कशासाठी, छोटे?"