डावा सहा, उजवा पाच

प्रिय बडबडे,

परवा फोनवर तू विचारलंस, दुकान कधी बंद करतेस आणि आमच्याकडे राहायला कधी येतेस. मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय, मग बोलते. धादांत खोटं. दुकानात काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं. तू माझ्यासाठी खोली रिकामी केलीस, जावईबापूंनी स्वतः भिंती रंगवल्या, नात म्हणे माझ्या उशीला रोज गुड नाइट म्हणते. एवढं सगळं ऐकल्यावर सरळ उत्तर द्यायचा धीर झाला नाही. पण उत्तर द्यायला तर हवंच, आणि फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. म्हणून हे पत्र. आता गपगुमान वाच.

आधी दुकानाचं सांगते. यंदा सुट्ट्यांचा हंगाम पार बसला. तुला आठवतं ना, पूर्वी सुट्ट्या लागल्या की सरहद्दीच्या पुलापलीकडच्या बसगाड्या सकाळपासून लागायच्या आणि माणसं उतरायची ती घरातले सर्वांत फाटके बूट घालून. अंगावर घातलेल्या वस्तूला त्यांच्या जकात नाक्यावर कर नाही ना! मग इथे नवे बूट चढवायचे, जुने आपल्या दारातल्या खोक्यात टाकायचे, शेजारच्या कापडवाल्याकडून तीन-तीन शर्ट एकावर एक घालायचे आणि संध्याकाळी घामाघूम होऊन, फुगलेल्या अंगाने पूल ओलांडायचा. नवे बूट चावत असायचे, तरी नाक्यापर्यंत तोंडावर हसू. तू त्या खोक्यावर बसून कोण लंगडतंय ते बाबांना ओरडून सांगायचीस आणि बाबा तुला डोळे वटारायचे.

आता उलटी गंगा वाहते आहे. त्यांच्या पैशाचा भाव पडला, आणि आपलीच माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन तिकडे पळतात. आपली बेकरीवाली तर गेल्या सुट्टीत साबणाचं एवढं सामान घेऊन आली की मी म्हटलं, बाई गं, आता गावालाच आंघोळ घाल. वर मला सांगते, तिकडे बूट पण स्वस्त आहेत हो. मैत्रिणीला जरा तरी जनाची नाही तर मनाची! पण तिचं तरी काय चुकलं? इतकी वर्षं ते आपल्याकडे आले, तेव्हा आपल्याला बरं वाटलंच ना.

तरी एक माणूस येत राहिला. तिकडचा घड्याळं दुरुस्त करणारा. तू त्याला पाहिलेलं नाहीस, बाबा गेल्यानंतर तो यायला लागला. पहिल्यांदा आला तेव्हा दारातच घुटमळला. त्याला बहिणीसाठी बूट हवे होते. तिचा डावा पाय लहानपणापासून मोठा, म्हणजे डावा सहा नंबर, उजवा पाच. त्यांच्या गावात कुणी असे द्यायला तयार नव्हतं. आता, तुझ्या आजोबांपासून आपल्या दुकानाचा एक नियम आहे. काय वाट्टेल ते करा, पण जोडी फोडायची नाही. उरलेला एक-एक बूट कोण घेणार? बाबांनी तर त्यापायी स्वतःच्या सख्ख्या भावालाही नाही म्हटलं होतं. मी मात्र दोन खोकी उघडली आणि जोड्या फोडल्या. का फोडल्या ते मला तेव्हा कळलं नाही. बिचारा इतका अवघडून उभा होता, की नाही म्हणवेना.

मग तो दर सुट्टीला यायला लागला. बाकीची दुनिया कर चुकवायला नवे बूट घालून जायची. याला बायकांचे बूट घालणं शक्य नाही, म्हणून खोकं काखेत मारून नाक्यावर जायचा आणि मुकाट्याने कर भरायचा. मी त्याला हसायचे. स्टुलावर बसायचा, चहा घ्यायचा. फार बोलत नाही, पण मी बोलते ते सगळं ऐकतो, आणि ते आपल्या घरात कुणालाच कधी जमलं नाही. तुझ्याबद्दल त्याला सगळं माहीत आहे. नातीला दात आले तेसुद्धा. इकडे मागच्या खोलीत विजोड बूट साठत गेले. कपाट भरलं, तरी मला त्याचं काही वाटेना. तेव्हाच मला समजायला हवं होतं, नाही का?

या सुट्ट्यांच्या सुरुवातीला त्यांच्या नाक्यावरची तपासणीस बाई मुलाला बूट घ्यायला आली. (स्वतःलाही घेतले, पायात घातले आणि जुने आपल्या खोक्यात टाकले. आता बोल! तपासणारीच अशी.) जाता जाता म्हणाली, तुमचा घड्याळवाला मोठा विचित्र माणूस हो. बहीण जाऊन दोन हिवाळे झाले, तरी दर सुट्टीला तिच्या मापाचे बूट घेऊन येतो आणि कर भरतो. कुणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाला, दुकानात सांगायचं राहून गेलं.

बडबडे, विचार कर. दोन वर्षं मी त्या बाईसाठी बूट काढत होते, तिच्या पायाची चौकशी करत होते, आणि तो 'बरी आहे' म्हणत होता. पहिल्यांदा राग आला. मग रडू आलं. मग इतकं छान वाटलं की स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात तो आला. सवयीने म्हणाला, डावा सहा, उजवा पाच. मी जागची हलले नाही. विचारलं, "बहीण गेल्याचं मला का नाही सांगितलंत?" तो नेहमीच्या स्टुलावर बसला. मग म्हणाला, "सांगितलं असतं, तर इथे कशाला यायचं, तेच उरलं नसतं."

मी उठले, ऐन हंगामात भर दुपारी शटर खाली ओढलं आणि चहा टाकला. बाहेर कुणीतरी दार ठोठावत होतं. ठोठावू दे म्हटलं.

त्यानंतर तो रिकाम्या हाताने येतो आणि रिकाम्या हाताने जातो. नाक्यावर त्याची जास्तच झडती घेतात म्हणे, या गावाला येऊन काही न घेता परत जाणारा माणूस त्यांनी पाहिलेला नाही. गेल्या रविवारी मी पूल ओलांडला. खरेदीला नाही, त्याचं घर बघायला. दोन खोल्या, चकचकीत स्वच्छ, आणि फडताळावर बहिणीचे सगळे बूट पुसून ओळीने लावलेले. शेवटचे जोड कुणी पायातही घातलेले नाहीत. तिथे त्याने मला विचारलं. मी म्हटलं, माझ्या मुलीला सांगितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. पण तुझ्यापासून काय लपवायचं, मनातून मी हो म्हणून मोकळी झाले आहे. तो इकडे येईल, दुकानाच्या दर्शनी खिडकीत घड्याळं दुरुस्त करेल, मी उरलेल्या अर्ध्यात बूट विकेन. म्हणजे त्या रंगवलेल्या खोलीत मी राहायला येणार नाही. त्याचं वाईट वाटतं, खूप वाटतं. नातीला काय सांगशील ते तूच ठरव. बाबांचं म्हणशील, तर त्यांच्याशी माझं रोज बोलणं होतं, अजूनही होतं. त्यांच्या वाटणीचं मी कुणाला देत नाहीये.

हे पत्र लिहायचं कारण एवढंच. तू कॉलेजात होतीस तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिलीस. एरवी घर डोक्यावर घेणारी पोर, त्या दिवशी तोंडातून आवाज फुटेना. मान खाली घालून एवढंच म्हणालीस, "आई, एकाला जेवायला आणू?" मी कोण, कुठला, काही विचारलं नाही. भाजी चिरता चिरता फक्त म्हटलं, तिखट खातो का ते विचारून ठेव. बाळा, आज तुझ्या दारात मी तशीच उभी आहे. माझाही आवाज फुटत नाही, म्हणून लिहून विचारते. पुढच्या रविवारी एकाला जेवायला आणू? तिखट खात नाही तो.

तुझीच, उंबऱ्याबाहेर थांबलेली,
आई