शेगडीवरचं आयर्न

१२ जानेवारी १९६३, शनिवार. रेवदंडा

रेडिओ मंडळाच्या तासाला नसीमने आज विचारलं, बाई, एवढ्याशा आचेला तांबं वितळत नाही असं तुम्हीच सांगता, मग डाख द्यायच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक बोथट कसं होतं? घासत तर कुणी नाही. तांबं जातं कुठे?

मला माहीत नाही. तसं सांगून टाकलं. मुली खूष. बाईंनाही माहीत नाही! भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, घरातली पहिली पदवी, अण्णांनी वाडीत सगळ्यांना नारळ वाटले. आणि माझ्या हातातलं तांबं कुठे जातं ते मला सांगता येत नाही. टोकाला खळगा पडलाय, भुंग्याने पोखरल्यासारखा. कानशीने सारखा केला.

उद्यापासून संक्रांतीची सुट्टी. आयर्न घरी आणलंय. वर्गाच्या खिडक्यांना काचा नाहीत, खाडीचा खारा वारा थेट कपाटावर येतो. शाळेचं एकुलतं एक आयर्न, तेही मीच मुंबईहून निवडून आणलेलं. दुकानदार बादल्या डाखायचं भलंमोठं गळ्यात मारत होता. मी पंचवीस वॅटचं, बारीक टोकाचं मागितलं तर म्हणाला, "मिस्टरांना पाठवा, त्यांना दाखवतो." म्हटलं, मिस्टर नाहीत, आयर्न आहे का ते सांगा.

१४ जानेवारी, सोमवार

तिळगूळ. आणि भांडण.

काल भोगीची भांडी घासताना आईने समई, तांब्या, पळी यांच्याबरोबर आयर्नचं टोकही आमसुलाच्या पाण्याने आणि राखेने घासून काढलं. लाकडी मुठीला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. रुमालात गुंडाळून देवाजवळ ठेवलं. मी आल्यावर म्हणाली, "बघ, किती काळामिचकूट ठेवला होतास. आता कसा लख्ख हाय."

टोकावरचा कथलाचा पातळ थर पार गेला. तो करडा, मळकट दिसणारा थर म्हणजेच तर सगळं. तो असला तर टोक कथील धरतं. उघडं तांबं तापलं की काळं पडतं, मग कथील मण्यासारखं घरंगळून खाली.

मी फार बोलले. वाटेल ते. आई फक्त म्हणाली, "मला काय ठावं गो. आमच्यात मळका ठेवत नाय." आणि तीळ भाजायला आत गेली.

सहा महिने ही बाई मला ऐकवते की पोरीच्या जातीने तारा जोडत बसू नये. तिने आपण होऊन ते घासलं. हे मला भांडून झाल्यावर कळलं. नेहमी असंच.

१६ जानेवारी, बुधवार

शाळेत (आमच्या आळीत अजून विजेचे खांब नाहीत) टोक दुरुस्त केलं. कानस, मग आयर्न सुरू करून राळ वितळण्याइतपत तापलं रे तापलं की लगेच राळ, लगेच कथील. फार तापू दिलं तर संधी गेली. थर नीट बसला. मुलींकडून फळ्यावर लिहून घेतलं: लख्ख करू नये. ओल्या फडक्याला पुसावं. ठेवताना टोकाला कथील राहू द्यावं.

हेमलता म्हणाली, "बाई, हे घरी सांगितलं तर आई म्हणेल आळशी झाली."

संध्याकाळी आईला सांगितलं, चूक माझी होती, आधी सांगायला हवं होतं. ती म्हणाली, जेव.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

नसीमचं बोट भाजलं. आयर्न टेबलावरून निसटलं, ती झेलायला गेली. घसरणारी वस्तू झेलायची नाही, पडू द्यायची, हे मी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. बोट पाण्यात बुडवून धरलं. रडली नाही. दुसऱ्या हाताने तारेचा डाख पुरा करू लागली, तेव्हा तिला रागावून बसवलं.

हेडमास्तर दारात उभे होते.

४ फेब्रु., सोम.

हे.मा.नी बोलावलं. आजपासून रेडिओ मंडळ फक्त मुलांचं. त्या तासाला मुली भरतकाम करतील. मुलांना मीच शिकवायचं.

म्हटलं, सर, दिवाळीनंतर दोन मुलांची बोटं भाजली होती. तुम्हीच त्यावर शाई लावलीत आणि तास पुढे चालू ठेवलात.

"मुलांचं वेगळं असतं, बाई. उद्या हिच्या लग्नात कुणी विचारलं हा डाग कसला, तर शाळेचं नाव येईल. पालकांची तक्रार आहे."

कोणाच्या पालकांची ते सांगितलं नाही.

दुपारी भरतकामाचा तास समोरच्याच वर्गात. सुया टोचून घेत बसल्या होत्या सगळ्या. रक्त निघालं की बोट तोंडात. त्यावर कुणाचा आदेश निघत नाही.

१० फेब्रु., रवि.

नसीमच्या घरी गेले. वडील जहाजावर, घरात आई आणि दोघी बहिणी. रोजे चालू आहेत, तरी तिच्या आईने माझ्यासाठी चहा टाकला, नको म्हटलं तरी ऐकेना. मी विचारलं, तुमची तक्रार आहे का?

तिने नसीमचा हात धरून माझ्यापुढे केला. मनगटाजवळ तीन-चार जुने डाग, तव्याचे, भाकऱ्या भाजतानाचे. म्हणाली, "ह्ये सगले चुलीवरचे. तेवा शालेतून कोनी विचाराया आला नाय. आता येकाच बोटाची यवरी फिकीर?"

मग नसीमला म्हणाली, "बाईंना सांग, तुझा बाप काय बोलला खतात." नसीम लाजली. वडिलांनी पत्रातून कळवलंय, जहाजावरच्या रेडिओवाल्याला इंजिनवाले सलाम करतात, शीक.

म्हणजे तक्रार नाहीच. हे.मा.ची भीती तेवढी आहे, आणि ती त्यांनी पालकांच्या नावावर मांडली.

१८ फेब्रु., सोम.

नवीन गोष्ट. हे.मा.नी एक कागद पुढे केला. मुलींना 'शाळेत अथवा शाळेबाहेर' हे काम शिकवणार नाही, असं लिहून सही करायची. जूनमध्ये मला कायम करायचं की नाही हे समितीपुढे जायचं आहे. दोन गोष्टींचा संबंध नाही असं त्यांनी दोनदा सांगितलं.

शाळेबाहेर? माझा रविवार शाळेचा कधी झाला?

कागद घेतला. विचार करते म्हटलं. का म्हटलं? तिथेच नाही म्हणायला हवं होतं.

अण्णा ओट्यावर सुंभ वळत बसले होते. ऐकलं सगळं. म्हणाले, "जून होऊन जाऊ दे. मग काय ते कर. चार म्हयने गप बसायला काय जातं?" ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. चिडले नाहीत.

चार महिन्यांत अकरावीच्या मुली शाळा सोडून जातील. हेमलताचं तर लग्न ठरतंच आहे. त्यांचं काय जातं ते अण्णांना कसं सांगू.

२ मार्च, शनि.

मुलींना रविवारी घरीच शिकवायचं. पण घरी वीज नाही, शाळेचं आयर्न नेणार नाही (कुणाला म्हणायला जागा नको). तर मग विजेशिवायचं. बाजारात पत्र्याचे कंदील आणि नरसाळी करणारा आहे, त्याच्याकडे गेले. त्याची आयर्नं कोळशात तापवायची, लोखंडी दांडा, पुढे तांब्याचा ठोकळा. मोठं घेतलं तर रेडिओतला नाजूक डायोड एका स्पर्शात जळेल. लहान घेतलं तर दोन डाख होईपर्यंत गार. मधलं निवडलं, अंगठ्याएवढ्या ठोकळ्याचं, आणि टोक कानशीने पेन्सिलीसारखं निमुळतं केलं. मागे तांबं जाड ठेवलं, तिथे ऊब साठून राहते.

त्याने तेजाबाची बाटली पुढे केली. याने कशालाही चिकटतं, बाई. खरं आहे, चिकटतं. मुलांचा पहिला सेट आम्ही तेजाबानेच डाखला होता. खाऱ्या हवेत महिनाभरात सगळे सांधे हिरवे झाले आणि तारा हात लावताच तुटल्या. राळच घेतली. टोक साफ करायला नवसागराची वडी. तो हसला, म्हणाला, "राळेनं तुमची बादली गळंल." म्हटलं, माझी बादली नाही.

१० मार्च, रवि.

होळी. दुपारी मागच्या पडवीत शेगडी पेटवली. फजिती. आयर्न लाल केलं, कथलाचा थर जळून काळा कोळसा. पुन्हा कानस. पुन्हा लाल. डोळ्यांत धूर.

आई बघत होती. मग तिने शेगडीतले कोळसे बाजूला सारले, मधे राख पसरली आणि आयर्न त्या राखेत पुरलं. "आच मारायची. फणसाच्या आठळ्या अशाच भाजतात, नायतर करपतात."

लाल झालं नाही. नवसागराला टेकवलं, पांढरा धूर निघाला, कथील टोकभर पसरलं. आता याच्यावर आमसूल घालायचं नाही एवढं कळलं मला, आई म्हणाली. आम्ही दोघी हसलो. संक्रांतीनंतर पहिल्यांदा.

२४ मार्च, रवि.

नसीम आणि हेमलता आल्या. आईने सुचवलं तसं पडवीतच, आतल्या अंगाला.

एक डायोड मेला. माझ्या हातून, त्यांच्या नाही. दुसऱ्याच्या पायाला नसीमने ओल्या चिंधीची घडी चिमट्यात धरून लावली, म्हणजे आच वर चढत नाही. हेमलताने डाख दिला. आयर्न राखेतून काढल्यापासून गार होईपर्यंत दोन सांधे होतात, तिसऱ्याचा मोह धरायचा नाही. गार डाख दाणेदार दिसतो आणि धरत नाही.

तांब्याचं बहुतेक कळलं. वितळत नाही, कथलात विरघळत असावं, पाण्यात मीठ जातं तसं. नक्की नाही. नसीम म्हणाली, "म्हणजे प्रत्येक सांध्यात थोडं थोडं आयर्न राहतं?" लिहून ठेवण्यासारखं बोलते ही मुलगी.

शेजारच्या काकू विहिरीवर आल्या तशी आईने पडवीचं दार लोटलं. मुलींनी आपोआप आवाज खाली आणला. मला ते लागलं. चोरी करतोय का आपण?

३१ मार्च, रवि.

सेट पुरा, डायोडचा, विजेशिवाय चालणारा. दोन पोफळींच्या मधे तार बांधली (अण्णा शिडी धरायला आले). हेडफोन नसीमच्या कानाला. बराच वेळ काही नाही. मग तिने हात वर केला, कुणी हलू नये म्हणून. मुंबई. कुणीतरी भातबियाण्याबद्दल बोलत होतं.

अण्णांनी हेडफोन घेतला तो सोडेनात. भातबियाणं संपून गाणं लागलं तरी. हेमलता म्हणाली, "अण्णा, आमचा पण सेट हाय."

जाताना ती दारात थांबली. सासरकडचे पुढच्या महिन्यात येतायत. "त्यांनी हात बघितला नि विचारला तर काय सांगू, बाई?" नसीम म्हणाली, "सांग, रेडिओ केला."

आज पुन्हा दार लोटलेलं होतं.

५ एप्रिल, शुक्र.

हे.मा.नी कागदाची आठवण केली. समितीकडे कागद परीक्षा संपल्यावर जायचे आहेत. "बाई, तुम्ही हुशार आहात. एका सहीचा प्रश्न आहे."

अण्णांना सांगितलं, मी काय करणार ते. ते सुंभ वळत होते. "मोडलास तरी तुझाच हाय, टिकवलास तरी तुझाच," एवढं म्हणाले. नोकरीबद्दल म्हणाले असावेत. रुकार की राग, मला नाही कळलं.

७ एप्रिल, रवि.

सकाळी शेगडी उचलून पुढच्या ओट्यावर ठेवली, रस्त्याकडे तोंड करून. आई म्हणाली, "सगळी बघतील." म्हटलं, बघू देत. थोड्या वेळाने तिने स्वतःच चटई आणून टाकली आणि राखेचं घमेलं.

नसीम, हेमलता आणि हेमलताच्या वर्गातल्या आणखी काही. मासळी घेऊन जाणाऱ्या दोघी पाट्या उतरवून उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "काय गो, पोरींना लोहारकाम शिकवतस?" हेमलताने आयर्न वर धरून दाखवलं. त्या बसल्याच मग.

दहाच्या सुमाराला हे.मा. बाजारातून येताना रस्त्यावर थांबले. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मी म्हटलं, नमस्कार सर, या. आले नाहीत. गेलेही नाहीत पटकन. एका नवीन मुलीचं कथील घरंगळत होतं, तिला नवसागर दिला, मान वर केली तेव्हा रस्ता रिकामा.

जूनमध्ये काय होईल माहीत नाही. अण्णांनी विचारलं, तो कागद? त्यांना वाटत होतं, अजून माझ्याकडेच आहे.

काल सकाळी प्रार्थनेआधी परत देऊन आले. सहीची जागा तशीच ठेवली. तिच्या खाली लिहिलं: मुलींचा वर्ग दर रविवारी सकाळी, आमच्या घराच्या पुढच्या ओट्यावर.