रेमंडने उघडलेलं झाकण

४ जानेवारी १९४३, नवघर
बाहेर सगळी मिठागरं, आणि शेडमध्ये आम्ही वेगळंच मीठ वाढवतोय. समुद्राचं नाही, द्राक्षाच्या आम्लापासूनचं. गरम द्रावणात दोऱ्याला बारीक खडा टांगायचा. द्रावण हळूहळू निवतं, खडा वाढतो. फौजेच्या टेलिफोनात जातो म्हणे. शेडचे दस्तूर साहेब म्हणाले, डिकरा, भांड्याचं झाकण उघडायचं नाय, गार हवा लागून खड्याला आतून ताण बसेल. ज्याचा खडा पास, तो चेकिंगच्या खुर्चीवर पर्मनंट. दुसरा उमेदवार उत्तनचा रेमंड. म्हणजे खुर्ची माझीच. चिपळूणला घरी कळवून टाकलं.

७ जानेवारी
झाकण उघडलं. फक्त बघायला. रेमंड म्हणाला, अंड्यावरची कोंबडी पन एवढी उठबस करत न्हाय रं. मग त्याच्या डब्यातले बोंबील खाल्ले. माणूस बरा वाटतो.

१८ जानेवारी
माझा खडा नापास. रेमंडचा अजून भांड्यातच वाढतोय. साहेबांनी दोन काळसर काचांमध्ये धरून फिरवला. चांगला खडा एका जागी आला की सगळाच्या सगळा काळा पडतो. माझ्या खड्यात पट्टे उजळतच राहिले. साहेब म्हणाले, कोणीतरी झाकण उघडलंय. मी उघडलं होतं, पण हलक्या हाताने. म्हणजे रेमंड.

१९ जानेवारी
साहेबांना नाव सांगितलं. रेमंड म्हणाला, मोतमाउलीची आण, मी हात लावला न्हाय. मग बाहेर मला म्हणाला, तुला उघडताना मी बघितलेला, पन बोललो न्हाय. म्हणजे हा माझ्यावर पाळत ठेवत होता. ज्याचे बोंबील खाल्ले त्याने असा दगा द्यावा.
रेमंडला भांड्यासकट मागच्या खोलीत हलवलं. माझ्या नव्या भांड्याला कुलूप. किल्ली माझ्याकडेच.

२५ जानेवारी
कुलूप शाबूत. पण आत सगळं ठीक आहे कशावरून? उघडून खात्री केली.

२६ जानेवारी
पुन्हा खात्री केली.

२ फेब्रुवारी
आता दुपारीही करतोय. इतकं लक्ष शेडमध्ये कोणाचं नाही.

८ फेब्रुवारी
चेकिंग. माझ्या खड्यात पट्ट्यांवर पट्टे. साहेबांनी हात पुढे केला. मी शेकहँड केला. ते किल्ली मागत होते. म्हटलं, रेमंडकडे दुसरी किल्ली असणार. साहेब म्हणाले, उद्यापासून तू गोणी शिव.
रेमंडचा खडा सबंध काळा पडला.

९ फेब्रुवारी
घरी कळवलेलं अगदीच खोटं पडू नये, म्हणून रेमंडला म्हटलं, घडीभर खुर्चीवर बसू दे. म्हणाला, बस, पन कायी उघडू नको.
बसलो. टेबलाला खण होता. फक्त बघितलं.